पडणारच आहेत, मग कशाला?
वाचकांचे प्रश्न : दुधाचे दात

या वेळी दुधाच्या दातांविषयीची पत्रे निवडली आहेत. बहुतेक आयांची, एक आजीचे, एक बाबांचे. तालुके वेगळे, मुलांची वये वेगळी, पण एक वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे आहेच : 'दुधाचाच दात, पडणारच आहे.' म्हणून सुरुवात त्याच पत्रापासून. उत्तरे बालदंतवैद्यांनी दिली आहेत.

मुलगी साडेचार वर्षांची आहे. खालच्या शेवटच्या दाढेला खड्डा पडलाय. गोड खाल्ले की दुखते म्हणते, गेल्या आठवड्यात दोनदा रात्री रडत उठली. डॉक्टर म्हणतात नस काढून वर टोपी बसवावी लागेल. सासूबाई म्हणतात, पडणाऱ्या दाताला एवढा खर्च कशाला, काढून टाका. मलाही ते पटते. काय करू? — एक आई, साखळी

ताई, आधी ही दाढ पडणार कधी ते पाहू. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, ते सगळ्यांना दिसतात, म्हणून सगळेच दुधाचे दात लवकर पडतात असा समज होतो. साडेचार वर्षांच्या मुलीची शेवटची दाढ म्हणजे दुधाची दुसरी दाढ. ती पडते दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान. म्हणजे मुलगी पाचवी-सहावीत जाईपर्यंत तिला भाकरी, उंडे, चणे, सगळे याच दाढेने चावायचे आहे.

दुधाच्या दातावरचे कवच पक्क्या दाताच्या साधारण निम्मे, जेमतेम एक मिलिमीटर जाड असते. आतली नसेची पोकळी मात्र दाताच्या मानाने मोठी. त्यामुळे पक्क्या दाढेत जी कीड दोन-तीन वर्षे रेंगाळते, ती इथे काही महिन्यांत नसेपर्यंत पोचते. दोन दाढांच्या मधल्या फटीत लागलेली कीड तर वरून दिसतही नाही. कडा तुटून घास अडकायला लागतो तेव्हा कळते.

दुखण्याच्या तऱ्हेवरून पुष्कळ कळते. गोड किंवा गार लागले, क्षणभर कळ आली आणि थांबली, तर नस बहुधा जिवंत असते. अशा वेळी फक्त वरच्या भागातली नस काढून, मुळांतली ठेवून औषध भरता येते. काही न खाता, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर नस सुजून मुळापर्यंत खराब झालेली असण्याची शक्यता जास्त. मग मुळांतलीही काढून, दुधाचे मूळ विरघळेल तशी विरघळणारी पेस्ट भरतात. तुमच्या मुलीचे वर्णन या दुसऱ्या प्रकाराकडे झुकते. नक्की काय ते एक्स-रेवर ठरते. एक्स-रे न काढता सांगितले असेल तर तो काढायला सांगा.

वरची टोपी स्टीलची असते. ती तयार मापांत मिळते, त्याच बैठकीत बसते आणि दाढ पडेल तेव्हा दाढेबरोबरच पडते. नस काढल्यावर दाढ ठिसूळ होते आणि नुसते सिमेंट भरले तर वर्षा-दीड वर्षात कडा तुटतात. दुसऱ्यांदा खर्च होतो तो इथे. पांढरी टोपीही मिळते, पण ती महाग आणि तिच्यासाठी दाढ जास्त घासावी लागते. मागच्या दाढेला स्टील पुरते.

आता 'काढून टाका' याचा हिशेब. दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात पक्का दात तयार होत असतो आणि वरची दाढ त्याची जागा धरून ठेवते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला मागून पहिली पक्की दाढ येते. पुढे जागा मोकळी सापडली की ती पुढे सरकते. मग दहा-अकराव्या वर्षी येणाऱ्या दाताला वाट राहत नाही. तो हिरडीत अडकतो किंवा आडवा येतो, आणि पुढे तारा लावण्याचा खर्च टोपीच्या कितीतरी पट होतो. दात काढावाच लागला तर शेजारच्या दाढेला कडे आणि तारेचा फास बसवून जागा राखता येते. पण तुमच्या मुलीची पक्की दाढ अजून आलेली नाही, म्हणजे मागच्या बाजूला आधार द्यायला दातच नाही. या वयात नेमकी हीच दाढ गेली तर जागा राखणे सगळ्यांत अवघड. म्हणून वाचत असेल तर वाचवाच. मुळे झिजून गेली असतील किंवा पू हाडात पसरला असेल तर काढणेच योग्य, पण काढण्याआधी 'जागा कशी राखणार?' हे विचारल्याशिवाय खुर्चीत बसवू नका.

एक सावधगिरी. हिरडीवर पुळी आली आणि फुटली की दुखणे थांबते. घरात सगळे म्हणतात, बरे झाले. पू बाहेर पडायला वाट मिळाली एवढेच झालेले असते. आतला जंतुसंसर्ग तसाच राहतो आणि खालच्या पक्क्या दाताच्या कवचावर तपकिरी डाग किंवा खड्डे पाडू शकतो. गाल सुजला, ताप आला, डोळा झाकत चालला किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी रुग्णालयात न्या.

खर्चाचे म्हणाल तर बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय 1980 पासून चालू आहे आणि तिथे लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. निर्णय घेण्याआधी दुसरे मत तिथे घेता येईल.

मुलगा चौदा महिन्यांचा. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ दिसते. खालचे दात स्वच्छ आहेत. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात असली तरच झोपतो. एवढ्या लहान मुलाला दंतवैद्याकडे नेतात का? — एक आई, मडगाव

नेतात, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा न्यायलाच हवे. तुम्ही ओठ उचलून पाहिलेत आणि रेघ पांढरी असतानाच लिहिलेत, हे फार चांगले झाले. दर महिन्याला एकदा उजेडात वरचा ओठ उचलून हिरडीच्या कडेला पाहणे, एवढे केले तरी निम्मे काम होते.

पांढरी रेघ म्हणजे कवचातला कॅल्शियम झिरपून जायला लागलाय, खड्डा अजून पडलेला नाही. हा टप्पा उलटवता येतो. रेघ तपकिरी झाली, नख अडकायला लागले, की उलटत नाही.

वरचे दातच का? बाटली तोंडात असताना जीभ खालच्या दातांवर झाकणासारखी असते, शिवाय खाली लाळ साचते. वरच्या पुढच्या दातांना दोन्हींचे संरक्षण नाही. झोपेत लाळ आटते, गिळणे मंदावते आणि गोड दूध तासन्‌तास तिथेच राहते.

बाटली एका रात्रीत हिसकावून घेऊ नका, दोघांचीही झोप जाईल. पहिले तीन दिवस फक्त साखर बंद करा. मग दर दोन-तीन रात्रींनी झोपतानाच्या बाटलीत दुधाचा भाग थोडा कमी आणि पाण्याचा थोडा जास्त. पंधरवड्यात नुसते पाणी उरते आणि बहुतेक मुले तेव्हा स्वतःच बाटली सोडतात. पोषणाचे दूध दिवसा, पेल्यातून, जेवणाच्या वेळेला. गूळ घातलेले नाचणीचे तिझण चांगले अन्न आहे, पण वाटी-चमच्याने. बाटलीचे भोक मोठे करून त्यातून तिझण पाजण्याची सवय सोडाच. गोड, घट्ट आणि दाताला धरून राहणारे, असे तिन्ही दोष त्यात एकत्र येतात.

अंगावर पीत असलेल्या बाळांच्या आयांनी हे वाचून दूध तोडू नये. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजावे. फक्त दात आल्यावर रात्रभर स्तन तोंडात ठेवून झोपवू नये, आणि झोपण्याआधीचे घासणे चुकवू नये.

तुमच्या मुलाला दंतवैद्य फ्लोराइडचे वॉर्निश लावतील. पाच मिनिटांचे काम आहे, सुई नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावायचे. त्या दिवशी दात पिवळट दिसतात, घाबरू नका. कडक आणि गरम खाणे काही तास टाळा, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. रेघा खड्ड्यांपर्यंत गेल्या असत्या तर चांदी असलेले एक द्रव औषध लावून कीड जागच्या जागी थांबवता येते. त्याने किडलेला भाग काळाभोर होतो, म्हणून पुष्कळ आया नको म्हणतात. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला भूल देऊन दात करण्यापेक्षा काळा डाग परवडला, असे आमचे मत आहे.

नातीला सातव्या महिन्यात वरचे दात आधी आले. शेजारीण म्हणते मामाला जड जाते. आमच्या वेळी हिरडीला मध आणि टाकणखाराची लाही चोळायचे, तर सूनबाई नको म्हणते. दात येताना जुलाब आणि ताप यायचाच ना? आणि मी मिश्री लावते, तीच बोटाने बाळाच्या हिरडीला लावली तर चालेल का? — एक आजी, पेडणे

आजी, मामा सुखरूप आहेत. बहुतेक बाळांना खालचे दोन दात आधी येतात, काहींना वरचे. क्रम बदलला म्हणून काही बिघडत नाही. सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात येतात, दहा वर, दहा खाली. वर्षाचे होईपर्यंत एकही आला नाही तरी थांबता येते. दीड वर्षापर्यंत काहीच नसेल तर दाखवावे. जन्मतःच दात असलेले बाळही अशुभ नसते. तो बहुधा दुधाचाच दात लवकर आलेला असतो. अगदी लुटलुटत असेल आणि घशात जाण्याची भीती असेल तरच काढतात, नाहीतर ठेवतात.

टाकणखाराच्या बाबतीत सूनबाईंचे ऐका. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. रोज थोडा थोडा पोटात गेला तर लहान बाळाला आकडी येऊ शकते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याच रूपात नको, गुटीतूनसुद्धा नको. मधात एका जंतूचे बीज असू शकते, ते बाळाच्या आतड्यात रुजले तर अंग लुळे पडते. मोठ्यांना त्याचा त्रास होत नाही, म्हणून 'आम्ही सगळे खाऊन वाढलो' हे खरे असूनही बाळाला लागू पडत नाही. दुकानातली बधिर करणारी जेलही लावू नयेत. बेंझोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांना वापरू नयेत, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये बजावले, कारण त्यांनी रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. स्वच्छ ओला फडका फ्रिजमध्ये गार करून चघळायला द्या, किंवा धुतलेल्या बोटाने हिरडी दाबून चोळा. याहून जास्त लागत नाही.

दात येताना लाळ गळते, बाळ किरकिरते, अंग किंचित कोमट लागते. पण 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप किंवा पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. हे वय हाताला लागेल ते तोंडात घालण्याचे आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरण्याचे असते, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. 'दात येताहेत' म्हणून जुलाब अंगावर काढल्याने बाळे सुकतात. मिठा-साखरेचे पाणी म्हणजे ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात 1992 पासून बंदी आहे, ती उगाच नाही. बाळाला तर नाहीच, आणि तुम्हीही सोडलीत तर आम्हाला आनंद होईल. आंब्याच्या पानाने दात घासणे त्यापेक्षा कितीतरी बरे होते, पण त्यात फ्लोराइड नाही.

फ्लोराइड विष असते असा मेसेज फिरतो आहे. मुलगी दोन वर्षांची, पेस्ट गिळते. आम्ही फ्लोराइड नसलेली बेबी पेस्ट आणली. बरोबर केले का? आणि घासायचे कसे, ती तोंडच उघडत नाही. — एक बाबा, फोंडा

हिशेबच करून पाहू. 1000 पीपीएमच्या पेस्टमध्ये एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम फ्लोराइड असते. तीन वर्षांखाली लावायची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे 0.1 ग्रॅम. ती सगळी गिळली तरी पोटात 0.1 मिलिग्रॅम गेले. दहा किलोच्या मुलीला तातडीने रुग्णालयात न्यावे लागेल अशी मात्रा 50 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे 50 ग्रॅम पेस्ट एका वेळी. म्हणून धोका ब्रशवरच्या दाण्यात नाही, मुलीच्या हाताला लागणाऱ्या ट्यूबमध्ये आहे. ट्यूब वरच्या फळीवर ठेवा, पेस्ट स्वतः लावा. गिळण्याने होणारा दुसरा त्रास म्हणजे पक्क्या दातांवर पांढरे ठिपके, आणि तोही प्रमाण पाळले की नगण्य राहतो. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नागमोडी पेस्ट कोणत्याच मुलाला लागत नाही. तीन ते सहा वर्षे वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅम.

फ्लोराइड नसलेल्या पेस्टने तोंडाला नुसता सुवास येतो, कीड थांबत नाही. पाकिटावर पीपीएमचा आकडा शोधा. मुलांच्या पुष्कळ पेस्टमध्ये 500 किंवा त्याहून कमी असते, काहींत शून्य. आपल्याकडच्या साध्या पेस्टमध्ये कमाल 1000 असते. दाण्याएवढी मात्रा पाळणार असाल तर हजारचीच घ्या.

आता तोंड उघडणे. बेसिनपाशी समोर उभे राहून दोन वर्षांच्या मुलीचे दात घासता येत नाहीत, दिसतच नाही काही. भिंतीला टेकून जमिनीवर बसा, तिचे डोके मांडीवर, पाय तुमच्यापासून लांब. एका हाताच्या बोटाने ओठ बाजूला करा. बोट गालाच्या आतून मागच्या दाढेच्या मागे गेले की तोंड आपोआप उघडते आणि चावा बसत नाही. छोट्या डोक्याचा मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरपा धरून छोटे गोल. दाढांच्या चावण्याच्या बाजूला पुढे-मागे. वरच्या ओठामागचा मांसल पट्टा ब्रशने दुखावतो आणि मुले तेव्हापासून नाही म्हणायला लागतात. तो बोटाने झाकून घ्या. थुंकायला शिकली की नुसते थुंकायचे, चूळ भरून पेस्ट धुऊन टाकायची नाही. दोन वेळांपैकी एक चुकलीच तर सकाळची चुको, रात्रीची नको.

आणि हे काम सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांचेच. मूल स्वतः बुटाची नाडी बांधू लागेपर्यंत त्याच्या मनगटाला मागच्या दाढा घासण्याएवढे वळण नसते. त्याला हवा तर पहिला हात मारू द्या, दुसरा तुमचा. पत्र बाबांनी लिहिले याचे कौतुक वाटले. रात्रीचा ब्रश त्यांच्याकडेच द्यावा.

जत्रेचे खाजे, फेस्ताच्या मिठाया, चवथीच्या नेवऱ्या, किती अडवणार? — एक आई, डिचोली

अडवू नका. वर्षातून चार दिवस नेवऱ्या खाल्ल्याने दात जात नाहीत. दात जातात रोज चहात बुडवलेल्या बिस्किटांनी आणि दिवसभर हातात असलेल्या पुड्याने. गोड किंवा पिठाळ काही खाल्ले की तोंडात आम्ल तयार होते आणि अर्धा-पाऊण तास दातातून कॅल्शियम झिरपत राहतो, मग लाळ ते हळूहळू भरून काढते. चार खाजे एका बैठकीत खाल्ले तर एक हल्ला. तेच चार खाजे दुपारभर एकेक करून चघळले तर चार हल्ले, आणि भरून काढायला वेळच नाही. म्हणून गोड जेवणाला जोडून द्या, मधे फक्त पाणी. खाज्यावरचा गुळाचा पाक दाढेच्या खाचांत बसतो, त्यावर नुसती चूळ पुरत नाही, रात्री नीट घासा. संध्याकाळी पोदेराचा पाव लोण्याशी दिला तर तो क्रीमच्या बिस्किटांपेक्षा केव्हाही बरा. खोकल्याची गोड औषधे आणि लोहाचे सिरप दिल्यावर पाणी पाजा. लोहाने दातावर काळे डाग येतात, ते वरवरचे असतात, कीड नव्हे.

मुलगा साडेसहा वर्षांचा. दुधाचे खालचे दात पडलेच नाहीत आणि आतल्या बाजूने दुसरी ओळ यायला लागलीय! — एक आई, काणकोण

फार मुलांत होते. पक्का दात आतून येतो आणि दुधाच्या दाताचे मूळ वेळेत विरघळत नाही. दुधाचा दात हलत असेल तर त्याला जिभेने, बोटाने हलवत राहू द्या, गाजर-काकडी चावू द्या. तो पडला की जीभ आतल्या दाताला ढकलत पुढे आणते. अजिबात हलत नसेल, किंवा दोन-तीन महिने उलटूनही पडला नाही, तर दाखवा. दाराला दोरा बांधून ओढू नये. पडलेला दात कौलांवर उंदराला द्यायला आमची हरकत नाही.

त्याहून महत्त्वाचे, त्याच्या सगळ्यांत मागे पाहा. याच वयात काहीही न पडता एक मोठी दाढ चारही कोपऱ्यांत येते. आया तिला दुधाची समजतात आणि 'पडेल' म्हणून सोडतात. ती पडत नाही, जन्मभराची असते, आणि सगळ्यांत आधी किडतेही तीच. तिच्या खोल खाचा वेळीच बुजवून घेता येतात. दाढ पूर्ण वर आली की लगेच.

तीन वर्षांची मुलगी बालवाडीच्या पायरीवर पडली, पुढचा दात मुळासकट निघाला. शिक्षिकेने दुधात घालून दिला. पुन्हा बसवता येतो का? — एक आई, वास्को

दुधाचा दात पुन्हा बसवत नाहीत. बसवताना खालच्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होते. शिक्षिकेने केले ते पक्क्या दातासाठी अगदी बरोबर, ते विसरू नका. आठ वर्षांच्या मुलाचा दात निघाला तर मूळ न घासता, वरच्या भागाला धरून, जागेवर बसवायचा किंवा थंड दुधात घालून पळायचे, आणि तेही अर्ध्या तासाच्या आत.

तुमच्या मुलीचे रक्त स्वच्छ कापड दाबून दहा मिनिटांत थांबायला हवे. शेजारचे दात हलतात का, वरचा-खालचा जबडा नीट मिटतो का पाहा. दोन दिवस मऊ खाणे, गार पेज चालेल. शेजारचा एखादा दात काही आठवड्यांनी राखाडी पडला तर लगेच काढायची घाई नको. दुखत नसेल, पुळी नसेल, तर नुसते लक्ष ठेवतात. तिला उलटी किंवा बेशुद्धी झाली असेल तर दाताआधी डोक्याची तपासणी. आणि पुढे कधी असा दात निघाला पण पायरीपाशी सापडला नाही, तर तो हरवला असे गृहीत धरू नका. तो हिरडीत आत गेलेला असू शकतो किंवा श्वासनलिकेत. पहिल्यासाठी दाताचा एक्स-रे काढतात. मूल खोकत असेल, घरघर लागली असेल, तर छातीचा, आणि लगेच.